हात ओला, म्हणून काय झालं?



तुमच्यापैकी कुणाच्या तळहाताला घाम येतो का? उन्हात भांगलताना येतो तो नव्हे. तो सगळ्यांनाच येतो आणि यायलाच हवा. मी विचारते आहे ते निराळं. पौषातल्या थंडीत, सावलीत निवांत बसलं असताना, काही कारण नसताना हात असे ओले होतात का, की मुठीतलं एस.टी.चं तिकीट उतरेपर्यंत भिजून लगदा व्हावं? होत असतील तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. होत नसतील तरी वाचा. तुमच्या भावकीत एखादी पोर असेल, जी पाहुणे आले की हात पदराखाली नाहीतर ओढणीखाली लपवते. ती का लपवते हे तुम्हाला कळेल.

माझे हात तसे आहेत. पायही तसेच. वयानं साठी ओलांडली तेव्हा घाम जरासा कमी झाला, पण गेला नाही. माझं माहेर भोगावतीच्या काठचं, करवीर तालुक्यातलं. १९८१ साली लग्न होऊन मी कोल्हापुरात शाहूपुरीत आले, ती आजतागायत इथंच आहे. घरात शिवणाचं मशीन आहे, चाळीस वर्षं ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवले. ज्या बाईच्या हाताला घाम, तिनं शिवणकाम करावं म्हणजे काय, हे ज्यांनी रेशमी खण हातात धरला आहे त्यांना सांगायला नको. ते पुढं येईलच.

आमच्या घरात हे आबांकडून आलं. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड पेटलेलं, वर काहिलीत रस उकळतोय, तिथं गुळव्या काय आणि जाळ घालणारा काय, सगळेच घामाघूम. तिथं आबांचा घाम वेगळा कुणाला दिसणार? आबा म्हणायचे, "आमचा घाम गुऱ्हाळात खपला." गुऱ्हाळात खपला, पण बाजारात नाही खपला. त्याची गोष्ट ते हसत सांगायचे, पण ती हसण्यासारखी नव्हती.

बैलबाजारात सौदा कसा होतो हे तुम्हाला ठाऊक आहे. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आजूबाजूच्या चार जणांना काही कळू द्यायचं नाही. आबा एकदा खोंड विकायला गेले. दलालानं उपरणं टाकून हात धरला आणि लगेच वर बघितलं. हात चिंब. त्याला वाटलं, माणूस घाबरलाय, याला आज पैसे पाहिजेतच. मग त्यानं बोट असं घट्ट धरलं की आकडा वर सरकेचना. आबांना गरज नव्हती, घाईही नव्हती, पण हातानं खोटी साक्ष दिली. खोंड पडत्या भावात गेला. पुढच्या बाजारापासून आबा सौद्याला बसण्याआधी खाली वाकून मूठभर कोरडी माती घ्यायचे आणि तळहात चोळायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पैलवान न्हाई का आखाड्यात माती लावत? तसंच." कोल्हापूरच्या मुलखात या उत्तरापुढं कुणी काही बोलत नाही.

आबांनी आम्हाला एवढंच शिकवलं. लाजायचं नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. पण लपवायचे मात्र नाहीत. मी मात्र लपवायची.

शाळेत पाटीवर लिहिलेलं हाताखालीच पुसलं जायचं. पुढं शाईचं पेन आलं, मग तर बघायलाच नको. वहीचं पान खालून फुगायचं, शाई पसरायची. गुरुजी म्हणायचे, "काय गं, वही पाण्यात टाकली होतीस का?" वर्ग हसायचा. फुगडी घालायला मैत्रिणी हात धरायच्या आणि सोडून परकराला पुसायच्या. त्यांच्या मनात काही नसेल, पण मी फुगडी सोडली. पंचमी आली की झिम्म्याच्या वेळी मी पाणी आणायला विहिरीवर जायची. एवढी कामसू पोर कुणाची म्हणून बायका कौतुक करायच्या.

१९८० साली मला बघायला पहिलं स्थळ आलं. स्टीलचं ताट, त्यात चहाचे पेले. ताट हातातून निसटलं नाही, पण सरकलं, आणि चहा मुलाच्या काकांच्या धोतरावर सांडला. तेवढ्यावर भागलं असतं. पण ओटी भरताना मुलाच्या आत्यानं माझा हात धरला आणि झटकन सोडला. "पोरीला काय दुखणं हाय का?" असं तिनं माझ्या आईला सगळ्यांदेखत विचारलं. आई म्हणाली, "न्हाई ओ, भांडी घासून आलीया." खोटं बोलली बिचारी. निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

दुसरं स्थळ शाहूपुरीतलं. त्या वेळी मी ठरवलं होतं की हात धुऊन आले असं सांगायचं. सासूबाईंनी, म्हणजे तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, हात धरला आणि सोडला नाही. उलटा करून बघितला. म्हणाल्या, "माझ्या भावाचंबी असंच हाय. वलं हात. आठ एकर एकट्यानं बघतोय." झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आईला वाटलं लाजेनं आलं. वाचक हो, एवढंसं बोलणं असतं. माझ्या आधीच्या दहा वर्षांत ते कुणीच बोललं नव्हतं.

आता हा घाम येतो तरी का? मला हे फार उशिरा कळलं. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सी.पी.आर.मध्ये, कातडीच्या डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं, आणि पुढं मी स्वतः विचारत, वाचत गेले.

माणसाच्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्यांचं मुख्य काम अंग थंड ठेवणं. मातीच्या माठातून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि आतलं पाणी गार राहतं, तसंच हे. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हशीच्या कातडीत या ग्रंथी गाई-बैलांपेक्षा कमी असतात, म्हणून ती बिचारी डबक्यात जाऊन बसते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. माणसाला ही घामाची देणगी आहे, म्हणून तर तो वैशाखात ऊस तोडू शकतो.

पण तळहात आणि तळपाय यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या ग्रंथी उन्हापेक्षा मनाचं जास्त ऐकतात. भीती, घाई, परीक्षा, चार माणसांसमोर बोलणं, याचा हुकूम मेंदूतून मज्जातंतूंमार्फत तिथं जातो. थोडा ओलावा तिथं उपयोगाचाच असतो. कुऱ्हाड धरण्यापूर्वी गडी तळहातावर थुंकतो ते उगाच नव्हे, पकड येते. आमच्यासारख्यांच्या बाबतीत एवढंच झालेलं असतं की ग्रंथी नेहमीच्याच असतात, हुकूम मात्र गरजेपेक्षा मोठा सुटतो. पाटाचं दार नीट बंद होत नाही, तसं समजा. रक्त खराब आहे, अंगात उष्णता फार आहे, कमजोरी आहे, असं लोक सांगतात. त्यात काही तथ्य नाही. हा रोग लागत नाही. हात धरल्यानं, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाही. पुष्कळदा घराण्यात असतो, लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा येतो आणि झोपेत थांबतो. ही झोपेची खूण लक्षात ठेवा, ती पुढं कामाला येईल.

आणि आपण एकटेच नाही बरं का. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शंभरात जवळजवळ तीन माणसांना असा जादा घाम येतो असं दिसलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी ही गोष्ट कधी डॉक्टरांच्या कानावर घातलेलीच नव्हती. म्हणजे शिकल्यासवरलेल्या, पैसेवाल्या मुलखातही लोक हात लपवूनच बसतात. तीन हजार वस्तीच्या गावात अशी सत्तर-ऐंशी माणसं निघायला हरकत नाही. मी माहेरच्या गावात नुसत्या आठवणीनं मोजली तर अकरा भरली, त्यात एक सरपंच होता.

आता शिवणकामाचं सांगते. लग्नानंतर दोन वर्षांनी मी मशीन घेतलं. आमचे हे शाहूपुरीतच पंप आणि मोटारींच्या दुकानात नोकरीला होते. शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ. त्याआधी चारच वर्षं, १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती, आणि गुळाच्या व्यापाराला जागा हवी होती. आबांच्या वडिलांचा गूळ बैलगाडीनं इथंच उतरायचा. आता गुळाचा बाजार मार्केट यार्डात आहे आणि इथल्या गल्ल्यांत यंत्रं, मोटारी, लोखंडी सामान विकतात. कुंभार गल्लीत मात्र अजून गणपती होतात. श्रावणात मी मुद्दाम तिथून चक्कर मारते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथल्या बायामाणसांचे हात ओले असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तर मशीन घेतलं आणि पहिल्याच महिन्यात एका बाईंचा फिकट आकाशी रेशमी खण माझ्या बोटांनी डागाळला. भरून द्यावा लागला. त्या काळात ती रक्कम म्हणजे आमचा पंधरा दिवसांचा बाजार. सुया तर आठवड्याला गंजायच्या, घामात मीठ असतं ना. मी मशीन विकायचं म्हणाले. हे म्हणाले, "विकू. पण आधी एवढं सांग, तुझा हात दिवसभर सारखाच ओला असतो का?" त्यांचं सगळं असंच, मोटार बिघडली तरी आधी ती कधी बंद पडते ते बघायचे. मी आठवडाभर लक्ष ठेवलं. पहाटे उठल्यावर तासभर हात कोरडे असायचे. एकटी असले की कमी. गिऱ्हाईक समोर उभं असलं की धार. रेशीम हातात घेतलं की, डागाच्या भीतीनं, सगळ्यात जास्त.

मग मी रेशीम पहाटे शिवू लागले. मांडीवर जुन्या धोतराचं फडकं, शेजारी खडूची भुकटी, सुया तेलाच्या चिंधीत गुंडाळलेल्या. आणि गिऱ्हाइकाला माप घेण्याआधीच सांगून टाकायचं, "माझ्या हाताला घाम येतो हं, अंगाला टेप लागेल तेव्हा दचकू नका." पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघेना. दहावीस वेळा म्हटल्यावर ते "बसा, पाणी घ्या" इतकं सोपं झालं. आणि खरं सांगते, सांगून टाकलं की घाम कमी यायचा. घाम दिसेल या भीतीनं घाम येतो आणि आला की भीती आणखी वाढते. बैल घाण्याला फिरावा तसं ते गोल गोल चालतं. सांगून टाकलं की निदान एक जू उतरतं.

काखेत घाम येणाऱ्या बायका तर माझ्याकडं लांबून येऊ लागल्या, कारण मी ब्लाऊजला काखेची पट्टी करून देते. तुम्हालाही घरी करता येईल. मऊ झालेलं सुती कापड घ्यायचं, जुनं धोतर उत्तम. त्याचे अर्धचंद्रासारखे दोन तुकडे, एकावर एक दोन थर, कडेनं टीप. ब्लाऊजच्या काखेत आतून चार टिचबटणं लावायची, पट्टीला त्यांची जोडी. रोज पट्टी काढून धुवायची, ब्लाऊजचा रंग आणि कापड दोन्ही टिकतं. राखी, आकाशी, फिकट गुलाबी या रंगांवर ओल लगेच दिसते. पांढरं, गर्द निळं, काळं किंवा बारीक छापाचं कापड घेतलं तर दिसत नाही. नायलॉन आणि टेरिलीन टाळा. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो काखेतल्या घामावर जंतू वाढल्यानं येतो, म्हणून रोजची आंघोळ आणि धुतलेलं कापड हे अत्तरापेक्षा बरं.

पायांचं थोडक्यात. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. शाळेच्या पोरांचे मोजे सुती असावेत आणि रोज बदलावेत. जमल्यास चपला-बुटांचे दोन जोड ठेवा, एक दिवस एक वाळू दे. कोल्हापुरी चपलेचं कातडं आमच्या पायांना मानवत नाही, हे मी कोल्हापुरात राहून जड मनानं लिहिते. पाय आतून सटकतो आणि कातडं कुजतं.

आता औषधांकडे येते. तरुणपणी मी एका डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, "बाई, घामानं कुणी मरत नाही." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मरत नाही हे मलाही ठाऊक होतं. त्यानंतर पंधरा वर्षं मी कुठं गेले नाही, ही माझी चूक. तुम्ही ती करू नका, सरळ कातडीच्या डॉक्टरांकडे जा.

पहिलं औषध म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराईडचं पाणी किंवा मलम. तुरटीचंच लांबचं भावंड म्हणा, पण जास्त जोरकस. रात्री झोपताना हात पूर्ण कोरडे करून लावायचं आणि सकाळी धुवायचं. रात्रीच का? वर सांगितलेली झोपेची खूण आठवा. झोपेत घाम थांबलेला असतो, तेव्हाच औषध ग्रंथीच्या तोंडाशी बसतं. दिवसा लावलं तर घामाबरोबर वाहून जातं आणि वर खाज सुटते. सुरुवातीला काही रात्री, मग गुण आला की आठवड्यातून एक-दोनदा. चिरलेल्या, खरचटलेल्या कातडीला लावू नये. ऊस सोलून हात कापलेले असतील तर चार दिवस थांबा. काखेला याचा गुण चांगला येतो, तळहाताला कमी, कारण तिथली कातडी जाड.

तळहात-तळपायांसाठी एक यंत्र असतं. दोन उथळ थाळ्यांत साधं नळाचं पाणी, त्यात हात ठेवायचे आणि पाण्यातून अगदी मंद वीज सोडायची. वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, असं काही आठवडे केलं की बऱ्याच जणांचा घाम आटोक्यात येतो. पुढं आठवड्याला एकदा केलं तरी पुरतं. पोटुशी बाई, हृदयाला पेसमेकर बसवलेला माणूस, अंगात धातूची सळई असलेला माणूस, यांनी करू नये. आणि हे वाचून कुणी घरात बादली आणि वायर घेऊन प्रयोग करू नका. आमच्या ह्यांनाही क्षणभर तसा मोह झाला होता, मी वायर लपवून ठेवली.

पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत. पण शेतकऱ्यानं त्या विचार करून घ्याव्यात. त्या सगळ्या अंगाचाच घाम अडवतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, डोळ्यांपुढं अंधुक दिसतं. आणि एप्रिलमध्ये दुपारी रानात असताना अंगाला घामच आला नाही तर उष्णता बाहेर जायची कुठून? उष्माघात होऊ शकतो. डॉक्टरांना आपण काय काम करतो ते स्पष्ट सांगा. इंजेक्शनंही असतात, काखेसाठी अमेरिकेत त्यांना २००४ साली मान्यता मिळाली. गुण येतो, पण काही महिनेच टिकतो आणि खर्च मोठा. छातीतली नस तोडण्याचं ऑपरेशन करतात, त्यानं हात खडखडीत कोरडे होतात, पण पुष्कळांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम सुरू होतो, आणि तोडलेलं परत जोडता येत नाही. मी असते तर केलं नसतं.

एक गोष्ट आत्मविश्वासानं सुटत नाही, ती विजेची. माझ्या दादाचे हातही माझ्यासारखेच. एका पावसाळ्यात, रात्रपाळीची लाईट आली म्हणून तो विहिरीवर मोटार चालू करायला गेला. स्टार्टरची पेटी लोखंडी, तिला आतून वीज उतरलेली. कोरड्या हातानं कदाचित नुसता चटका बसला असता. ओल्या कातडीतून वीज फार सहज शिरते. दादा चार हात लांब फेकला गेला आणि बांधाच्या चिखलात पडला. तो फेकला गेला म्हणून वाचला, चिकटला असता तर आज मी हे असं लिहीत बसले नसते. त्यानंतर ह्यांनी जाऊन अर्थिंग नवं केलं, ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारं स्विच बसवलं, पेटीखाली कोरडी फळी आणि वर खुंटीला टॉवेल टांगला. दादा आधी हात पुसतो, मग टेस्टर लावतो, मग बटण. त्याच्या गड्यांनाही हीच शिस्त. ज्यांच्या घरात ओल्या हाताचं माणूस आहे त्यांनी आजच्या आज स्टार्टरची पेटी बघून घ्या.

फवारणीचंही तसंच. घामेजलेल्या कातडीतून औषध जास्त शिरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. फवारल्यानंतर अचानक दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, मळमळ असं झालं तर तो आपला नेहमीचा घाम नव्हे. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा.

आणखी काही घाम असे असतात की ज्यांना नेहमीचा म्हणून सोडू नये. रात्री अंथरूण भिजतं, बारीक ताप असतो, वजन उतरतं, तर क्षयाची तपासणी करा. छातीत धडधड, हाताला कंप, खाऊनही माणूस वाळतो, तर थायरॉईड बघा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला गार घाम आणि थरथर सुटली तर साखर उतरलेली असू शकते, शुद्धीवर असेल तर लगेच गूळ-पाणी द्या. छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम आला तर एक मिनिट घालवू नका.

तरुण मुलांसाठी एक कडू गोष्ट सांगायला हवी. आपल्या भागातली पोरं सैन्यात जायची तयारी करतात. तिथल्या तपासणीत थोडा घाम साहजिक धरतात, पण तळहात-तळपायांना फारच घाम येत असेल तर अपात्र ठरवू शकतात. पहाटे धावायला सुरुवात करण्याआधीच कातडीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. दोन वर्षं घाम गाळून मग कळलं तर जिव्हारी लागतं.

हे सगळं आज लिहायला बसले ती भाचीमुळं. दादाची धाकटी, यंदा दहावीला. गेल्या दिवाळीत घरी आली तर तिच्या हातात सारखा रुमाल. कबड्डीच्या संघातून तिनं नाव काढून घेतलं होतं. का म्हणून विचारलं तर, "अभ्यास असतो आत्या." मी विहिरीवर पाणी आणायला जायची, तसाच हा अभ्यास. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र तिचा अंगठा घेईना आणि मागच्या रांगेतलं कुणी तरी काही बोललं, तेव्हापासून ती तिकडंही जाईना. मी तिला जवळ बसवलं आणि माझा हात तिच्या हातावर ठेवला. दोघींचे हात चिंब. ती बघतच राहिली. तिला माहीतच नव्हतं. मी एवढी वर्षं शिवणात हात असे सवयीनं फडक्यावर टेकवत आले की माझ्या स्वतःच्या भाचीलाही कळलं नाही. लपवायची सवय किती खोल जाते बघा, आणि मी समजत होते की मी ती सोडली.

तिला मी दवाखान्यात नेलं. रात्रीचं औषध चालू आहे, हातांना गुण थोडाच आहे, यंत्राचं बघू असं डॉक्टर बाई म्हणाल्या. रेशन दुकानात आता ती आधी हात पुसते, मिनिटभर वाऱ्यावर धरते आणि मग अंगठा लावते. बहुतेक वेळा लागतो. वर्गातल्या बाईंना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. मी बरोबर येते म्हणाले तर नको म्हणाली. बाईंनी सराव परीक्षेत हाताखाली टीपकागद ठेवू दिला, आणि बोर्डाच्या परीक्षेलाही केंद्रावर आधी बोलून ठेवू म्हणाल्या. कबड्डीचं मी काही विचारलं नाही.

परवा तिचा फोन आला. "आत्या, संघाचा टी-शर्ट नायलॉनचा हाय, त्याला काखेची पट्टी बसंल का गं?" बसंल म्हटलं. कापड कापून ठेवलं आहे. टिचबटणं संपली आहेत, ती आणायला लक्ष्मीपुरीत जायचं आहे.